तालमीचा इतिहास, एक पान

दुपारी जेवून जरा कलंडलो होतो, तेवढ्यात गल्लीच्या पंचांचा फोन. "सर, तालमीचा इतिहास लिहून द्या की. एकच पान. वर हॉल झालाय न्हवं, वास्तुशांतीला स्मरणिका काढायलोय."

एकच पान म्हटल्यावर हो म्हटलं आणि फसलो. चौकटीवर स्थापनेचा दगड आहे, खरं दर दिवाळीला त्याच्यावरून ऑइलपेंटचा हात फिरत गेला. बोटानं चाचपलं तर १९ लागतो, पुढं सगळं गुळगुळीत. कट्ट्यावर विचारलं. एकाच्या मते गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाला बेळगावात आले ते साल, १९२४. दुसरा म्हणाला, छट्, टिळकांनी झेंडा चौकात गणपती बसवला ते, १९०५. आमच्याकडं काहीही जुनं ठरवायचं तर या दोघांपैकी एकाला साक्षीला बोलवावंच लागतं.

मला साल नाही, वास आठवतो. दोन पायऱ्या उतरून कुस्तीचा हौदा. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. भर दुपारी दार ढकललं तरी तो गार, आंबूस वास अंगावर यायचा. मी लांग कधी कसली नाही. वस्तादांनी पहिल्याच दिवशी माझा दंड दोन बोटांत धरला आणि सोडून दिला. तेव्हापासून माझ्याकडं कामं दोन. शनिवारी मारुतीपुढं नारळ फुटला की खोबरं वाटायचं (तिसरा तुकडा माझा, हे कुणाला माहीत नव्हतं), आणि रोज वस्तादांना 'तरुण भारत' वाचून दाखवायचा.

वस्तादांना अक्षर येत नव्हतं. मेहनत झाली की बादली पालथी घालून बसायचे, पाठीवर माती वाळत असायची. आधी कुस्त्यांच्या बातम्या, मग बाकीचं जग. ते १९६६-६७ साल, बेळगाव महाराष्ट्रात की म्हैसूर राज्यात या सीमावादावर महाजन आयोग बसलेला. आयोग हा शब्द त्यांना आवडत नसे; ते सरळ पंच म्हणायचे. वाचून झालं की विचारायचे, "लागला काय निकाल?"

"नाही."

"मग उद्या वाच."

निकाल लागला तो कसा लागला हे बेळगावात कुणाला सांगायला नको. त्या दिवशी मी बातमी सगळी वाचली. वस्तादांनी काही विचारलं नाही. उठले, फावडं घेतलं आणि हौदा उकरायला लागले. उकरायची वेळ नव्हती ती.

आता हौद्यावर फरशी आहे, फरशीवर पळायची मशीनं. पळतात पोरं, जागेवरच. वाईट म्हणत नाही. वरच्या हॉलमध्ये बारशी, साखरपुडे होतील. एकतीस डिसेंबरला पोरं ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा जाळायचा पुतळा, मात्र अजून तालमीच्या दारातच उभा करतात, आणि त्याच्या पोटात भरायला माझीच जुनी पँट मागायला येतात.

संध्याकाळी परत फोन. "झालं काय सर?"

"साल राहिलंय."

"चोवीसच घाला की. शंभरी भरली म्हणता येतंय."

घातलं.

"आणि वस्तादांचं नाव पूर्ण घाला हं. देणगीदारांची सगळ्यांची पूर्ण घातलीत."

पेन उघडंच आहे. आम्ही सगळे त्यांना वस्तादच म्हणायचो.