आमची वाटचाल : वखार, करवत आणि बिनपासाचा माल

वडिलांनी नाशिकला द्वारकेजवळ लाकडाची वखार टाकली तेव्हा बँडसॉ, म्हणजे फिरत्या पट्ट्याची करवत, जुना घेतलेला होता, पण ब्लेडचे दात ते स्वतः पाडायचे. ट्रॉलीवर साग आहे की ऐन, हे त्यांना आवाजावरून कळायचं. इंचातल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४, हे ओंडक्याचे घनफूट काढायचं गणित मी पाढ्यांच्या आधी शिकलो. माल वनखात्याच्या लिलावातला. हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक पास नसेल तर ट्रक फाटकात शिरलाच नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि मंजूर कार्ययोजनेबाहेरची, म्हणजे वनखात्याच्या आराखड्यात नसलेली तोड थांबली. माल आटला, त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्याच ओळीतल्या एकाबद्दल. त्याने पेठ-सुरगाण्याकडून रात्रीचा, बिनपासाचा साग उतरवला आणि आमच्या खरेदीच्याही खाली दर लावला. तीन वर्षांत निम्मी गिऱ्हाइकं गेली. आईच्या पाटल्या गहाण पडल्या, एक बँडसॉ विकला. वर बिल्डर ऐकवायचे, "शेठ, तुम्ही महाग."

तो स्वस्त कसा, ते सांगतो. लिलावाचा पैसा त्याने भरला नाही. उघड्या पडलेल्या डोंगरात पाणी मुरत नाही, माती घेऊन पळतं, ती माती खाली धरणात बसते. धो धो पावसाच्या त्या तालुक्यांत उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर जातो. मोह तुटला की मोहफुलांचे चार पैसेही गेले. माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. यातलं काहीच त्याच्या बिलात नव्हतं.

त्या दिवसांत टिकले ते हरसूलकडचे सुतारमामा. काखेत रंधा घेऊन एसटीने यायचे, ओंडक्याचं टोक नखाने खरवडायचे, दोनच चौकटींचा माल घ्यायचे, पण रोख. शेजारचा माल पाहून म्हणाले, "शेठ, हे पोर कापलंय." खरंच, कोवळं झाड. पक्का गाभा बोटभर, बाकी पांढरं, कच्चं लाकूड. पुढे त्याच मालाच्या चौकटींत पांढऱ्याला कीड लागून भुसा गळायला लागला आणि बिल्डर परत आले. तुम्हीही चौकट घेताना रंग लावण्याआधी टोक बघा, पास मागा. लाजू नका.

मधली वर्षं म्यानमारच्या सागावर बरी गेली. मग १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली. आता घानाचा साग गांधीधामहून येतो. पेठचे डोंगर इथून दीड तासावर आहेत आणि आम्ही भाडं समुद्रापलीकडचं भरतो.

गेल्या दिवाळीआधी मामा आले. घानाच्या ओंडक्याला नख लावून पाहिलं, दर विचारला. या वेळी त्यांनी एकाच चौकटीचा माल घेतला.