प्लायचा तो तुकडा

आज बांधकामाच्या साइटवर सातव्या मजल्यावर डक्टच्या (पाइप वर-खाली नेण्यासाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) भोकावर नुसता प्लायचा तुकडा टाकलेला दिसला. खिळे नाहीत, खूण नाही. सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्याला, प्लाय हवा असतो, तो दोन्ही हातांनी उचलतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. हातातल्या प्लायमुळे पायाखालचं भोक दिसतच नाही! मुकादमांना बोलावून तिथल्या तिथे खिळे ठोकून घेतले, वर लाल रंगात 'खाली भोक आहे' लिहून घेतलं, मराठीत आणि हिंदीतही.

सेफ्टी बेल्ट सगळ्यांच्या अंगावर होते, पण हूक अडकवायला लाइफलाइनच, म्हणजे पक्का बांधलेला दोरच, नव्हता. मग त्या बेल्टने कोण वाचणार? कायद्याने सुरक्षेची मुख्य जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली आहे, मजुरावर नाही. लाइफलाइन बांधेपर्यंत परांचीवर कुणी चढणार नाही, असं ठेकेदारांना सांगून आलोय.