पाय आखडला म्हणजे कळ पोचली असं नाही

डॅशहुंड कुत्र्याचे मागचे पाय रात्रीतून लुळे पडले की मालक त्याला टॉवेलात गुंडाळून आणतो आणि नवखा डॉक्टर लगेच एमआरआयची चिठ्ठी लिहितो. युरोप-अमेरिकेत प्राण्यांच्या न्यूरोलॉजीची रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, साधारण 3 वर्षांची असते. त्यात हाड कोरायच्या ड्रिलच्या आधी हातात येते ती रिफ्लेक्स (आपोआप होणारी हालचाल) तपासायची हातोडी, कारण कुठला भाग स्कॅन करायचा हे तपासणीवरूनच ठरतं.

पुढचे पाय ठीक आणि मागच्यांचे रिफ्लेक्स शाबूत किंवा वाढलेले असले, तर दोष टी-3 ते एल-3 मध्ये, म्हणजे छातीच्या तिसऱ्या ते कंबरेच्या तिसऱ्या भागापर्यंतच्या मज्जारज्जूत. मागचे रिफ्लेक्स मंद असले तर त्याच्या मागे, शेपटीच्या बाजूला. पण इजा ताजी असेल तर स्पायनल शॉकमुळे, म्हणजे इजेच्या धक्क्याने मज्जारज्जू तात्पुरती गप्प झाल्याने, ते काही काळ खोटे मंद दिसतात. म्हणून कंबरेपासून पुढे, कण्याच्या दोन्ही बाजूंनी कातडीला चिमटे घेत जायचं. कातडी थरथरायला लागते त्या रेषेच्या 1-2 मणके पुढे, म्हणजे डोक्याच्या बाजूला, बहुधा दोष सापडतो.

सर्वात जास्त चुका होतात त्या खोल वेदनेच्या तपासणीत. हेमोस्टॅटने (शस्त्रक्रियेच्या चिमट्याने) बोटाचं हाड दाबलं की पाय आखडतो आणि ‘संवेदना आहे’ अशी नोंद होते. ते आखडणं मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूतच घडतं, मेंदूला पत्ताही नसतो. पायाकडे नव्हे, तोंडाकडे बघायचं: मान वळली, कुत्रा ओरडला, चावायला आला, बाहुल्या मोठ्या झाल्या, तरच कळ पोचली. दोन्ही पायांची आतली आणि बाहेरची बोटं तपासायची, तीही गुंगीचं औषध देण्याआधी. गप्प स्वभावाच्या कुत्र्याचा पुढचा पाय दाबून तुलना करायची. या एका नोंदीवर मालकाला काय सांगायचं ते ठरतं: वेदनेची जाणीव शिल्लक असेल तर ऑपरेशननंतर बहुतेक कुत्रे चालतात, गेली असेल तर साधारण निम्मेच.

हेमिलॅमिनेक्टमीत, म्हणजे मज्जारज्जूवर दाबणारी फुटलेली डिस्क (मणक्यांमधली गादी) काढायला मणक्याच्या एका बाजूचं हाड कोरण्याच्या ऑपरेशनात, पहिली चूक मणके मोजण्यात होते. बरगड्यांच्या 13 जोड्या गृहीत धरतात, आणि एखाद्या कुत्र्याला 12च निघतात. एक्स-रेवर आधी मोजायचं, मगच चिरायचं. बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) हाड घासताना आधी पांढरा थर, मग लाल, मग पुन्हा पांढरा लागतो. या दुसऱ्या पांढऱ्यावर हात हलका करायचा, सलाइनची धार चालूच ठेवायची, नाहीतर उष्णतेनेच मज्जारज्जू भाजते. शेवटचा अंड्याच्या टरफलाइतका पापुद्रा बारीक हुकने उचलायचा. फुटलेल्या डिस्कचा माल काढताना तळाच्या शिरेतून रक्त आलं की सक्शन आत खुपसू नये. रक्त थांबवणारा जिलेटिन स्पंज ठेवून काही मिनिटं थांबायचं. ही थांबण्याची सवय हाताला उशिरा लागते.

नंतर मूत्राशय दर 6-8 तासांनी रिकामं करायचं. वेदनेची जाणीव गेलेल्या कुत्र्याच्या पाठीवर कातडीच्या थरथरीची रेषा मार्करने आखून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती डोक्याच्या बाजूला सरकलेली दिसली, मागचे पाय आणि गुदद्वार सैल पडलं, तर मज्जारज्जू विरघळत चालली आहे. तिथे पुन्हा चाकू लावून उपयोग नसतो.