आमची वाटचाल : आठशे कुंड्या आणि एक्कावन्न वाणं

उरुळी कांचनला दहा गुंठ्यांत नर्सरी टाकली ती २००९ साली. भांडवल माझं, हात मेव्हण्याचा. स्नेक प्लँट म्हणजे तलवारीसारख्या उभ्या, जाड पानांचं झाड. त्याचा गड्डा फोडून, म्हणजे मुळांसकट वेगळा करून, नवी रोपं करणारा मेव्हण्यासारखा मी दुसरा पाहिला नाही. त्याचं खुरपं मी आजही कुणाला देत नाही. दांडा दोनदा बदलला, पातं तेच, झिजून दोन बोटं उरलंय.

२०१६ च्या पावसाळ्यात हिंजवडीच्या एका कंपनीला आठशे कुंड्या दिल्या. सगळा माल पिवळ्या काठाचा, गड्डे फोडूनच केलेला. ‘पंधरा दिवसांनी एकदाच पाणी’ हे मी स्वतः सांगून आलो होतो. तिथे रोज मगभर पाणी पडत राहिलं. एसीत, उन्हाशिवाय माती सुकणार कशी? दीड महिन्यात पानं बुडाशी मऊ पडली, ओढली की हातात यायची. कंपनीने बिल अडवलं. वर शेजारचा एक नर्सरीवाला ‘यांचा मालच रोगट’ असं सांगून आला आणि ऑर्डर घेऊन गेला. त्याची रोपं पानाच्या तुकड्यांची. तुकड्यातून पिवळा काठ उतरत नाही, फुटवा हिरवाच येतो. तो हिरवा माल कंपनीने आमच्याच भावात घेतला! हे मला अजून सलतं.

बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. मेव्हण्याने पाच महिने पगाराचं नाव काढलं नाही.

तेव्हा सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका, बसने आल्या. ‘संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एक्कावन्न रोपं द्या,’ म्हणाल्या, आणि सगळे पैसे आगाऊ मोजले. त्या बायकांनीच पुढे आम्हाला सोसायट्या मिळवून दिल्या.

नवीन पोरांना सांगतो, नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात, हे झाड भरू नका. लाल माती, जाड वाळू, थोडं शेणखत घाला आणि कुंडीचं भोक मोकळं ठेवा. गिऱ्हाइकाला बांबूची काडी द्या. तळापर्यंत खोचून कोरडी निघाली तरच पाणी. घरात मांजर असेल तर पानं चावल्यास तिला बाधतात, हेही सांगा.

बाईंकडे आमचं पहिल्या वर्षीचं रोप आहे. गड्डा वाढून गेल्या महिन्यात त्यांची कुंडी तडकली. मेव्हण्याने घरी जाऊन तो फोडला, चार रोपं निघाली. एक बाईंनी परत पाठवलंय, ते गल्ल्याशेजारी ठेवलंय. विकायचं नाही, असं पोरांना बजावलंय.