मचूळ पाण्याचे डाग

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आम्ही स्टेनलेस स्टीलच्या डिस्क आरसा फिनिशला नेतो. डिस्क विजेच्या पॉझिटिव्ह टोकाला, वर फिरणारं टूल निगेटिव्हला, मध्ये अब्रेसिव्ह (घासणारे बारीक कण) लावलेलं नायलॉन पॅड आणि वाहतं सोडियम नायट्रेटचं द्रावण. करंट चालू झाला की धातूवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. पॅड फक्त उंचवट्यांवरचा पापुद्रा खरवडतं, त्यामुळे तिथलाच धातू विरघळतो आणि खोलगट भाग शाबूत राहतो. नुसत्या बफिंगने, म्हणजे करंटशिवाय घासून चकाकी आणताना, उंचवटे बरेचदा चेपले जातात, इथे ते निघूनच जातात.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळची पहिली डिस्क पुसली, तर चकाकी होती, पण तिरक्या उजेडात बारीक काळे ठिपके. नखाला लागत नव्हते. भिंगाखाली बघितलं तर चक्क खड्डे.

"दादा, पॅडच खराब आलंय," आमचा ऑपरेटर म्हणाला. पॅडचा नवा लॉट आदल्या दिवशीच उघडला होता, त्यामुळे संशय रास्तच. पण पॅडमधला मोठा कण ओरखडा काढतो, तोही टूल फिरतं त्या कमानीत. या खड्ड्यांना दिशाच नव्हती. करंट बंद ठेवून त्याच पॅडने एक डिस्क घासली. बारीक ओरखडे आले, खड्डा एकही नाही.

मग द्रावण कशात कालवलं ते विचारलं. पाण्याची ओढ होती, टाकी टँकरने भरलेली. टँकरवाल्याला फोन लावला. "खाडीकडची विहीर हो. मे महिन्यात जरा मचूळ लागतंच पाणी."

टाकीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. लाइनच्या पाण्यालाही थोडी दुधट झाक येते, पण हे सरळ नासलेल्या दुधासारखं फुटलं. म्हणजे क्लोराइड, मिठात असतं ते, भरपूर. क्लोराइड पापुद्र्याला जागोजाग भोक पाडतं आणि विरघळणं त्याच भोकात खोल जातं. पॅड तिथे पोचतच नाही, मग करंट वाढवा नाहीतर दाब.

डिस्टिल्ड पाणी मागवून द्रावण नव्याने केलं. जुनं पिवळसर झालेलं, म्हणजे त्यात स्टीलमधलं क्रोमियम उतरलेलं, तेही विषारी सहा संयुजेचं. ते गटारात सोडायची सोय नाही, त्यामुळे पिंप भरून वेगळं ठेवलं. एवढ्यात दुपार गेली.

खड्डेवाल्या डिस्क परत ग्राइंडिंगला घातल्या. बऱ्याचशा वाचल्या. ज्यांची जाडी टॉलरन्सखाली, म्हणजे चालणाऱ्या मर्यादेखाली, गेली त्या भंगारात टाकल्या, आणि डिलिव्हरी पुढे ढकलायचा फोन मलाच करावा लागला.