लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक: सगळं जुळलं, घोडं अडलं मेकअपपाशी

ताईच्या लग्नाला महिना होऊन गेला तरी "होऊन जाईल" हे शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. दिवसाचं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे होतं. हॉल, फोटोग्राफर, गाड्या, सगळ्यांनी एकेका फोनमध्ये वेळा सांगितल्या, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. अडकलं ते मेकअपमध्ये.

लग्न ४ ला. मी तिथून उलटं मोजत आले (सकाळपासून पुढे मोजू नका, हमखास चुकतं). ३.१५ ला हॉलवर, गाडीला २० मिनिटं, त्याआधी २.३० ला घरी ताईचे फोटो, कपडे घालायला ४५ मिनिटं, म्हणजे मेकअप आणि केस १.४५ ला संपायलाच हवेत. तयार होणाऱ्या आम्ही सहा जणी. मेकअपवाल्या बाईंना विचारलं की एकीला किती वेळ लागतो, तर म्हणे "होऊन जाईल हो, मी १० ला येते ना." परत फोन केला, परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तर वर मलाच "तुम्ही टेन्शन घेऊ नका." अहो टेन्शन नको म्हणूनच तर विचारतेय!

शेवटी ट्रायलच्या दिवशी मी घड्याळ घेऊन शेजारी बसले. ताईला पूर्ण २ तास. मग म्हटलं माझाही करा, तर मेकअपला ४० मिनिटं आणि केसांना वेगळी २०. आता हिशोब करा, ताईचे २ तास आणि बाकी पाच जणींचा एकेक तास, एकूण ७ तास. १० ला सुरू केलं तर ५ वाजता संपणार आणि लग्न ४ ला! हेच कागदावर लिहून फोटो काढून त्यांना पाठवला, तेव्हा कुठे त्या ८ ला यायला आणि केसांसाठी एक मुलगी सोबत आणायला तयार झाल्या. तुम्हीही "किती वाजता याल" विचारू नका, "एकीला किती मिनिटं आणि तुम्ही किती जणी येणार" हे विचारा.

दुसरं म्हणजे नवरीला शेवटी बसवू नका. सगळे तसंच करतात कारण मेकअप ताजा राहतो म्हणे, पण मग सकाळचा सगळा उशीर तिच्याच अंगावर येतो. आता केस दुसरीकडे होणार म्हणजे बाईंना एकीला ४० मिनिटंच, म्हणून मी ताईला चौथी, १० ला लावली, तिच्यानंतर आई आणि सगळ्यात शेवटी मी.

आणि त्याचाच उपयोग झाला. बाई आल्या ८.३५ ला, त्यात लाइट लावून, बॅगा उघडून, खुर्ची खिडकीपाशी नेऊन पहिला ब्रश लागेपर्यंत ८.५५. सामान मांडायची ती २० मिनिटं मी धरलीच नव्हती, तुम्ही धरा. ताई १० ऐवजी १०.५५ ला बसली आणि १२.५५ ला उठली. आईचा मेकअप १.३५ ला झाला, मी माझा नंबर सोडला आणि घरीच पावडर-लिपस्टिक केली. तिकडे मावशीने ताईचे कपडे सुरू केलेले होते, २.१० ला ताई आरशासमोर तयार उभी होती आणि मला अक्षरशः रडू फुटलं.

हॉलवर फारसं काही घडलं नाही. फक्त ग्रुप फोटोंची यादी आधी करा, एका ग्रुपला ३-४ मिनिटं जातातच, २० ग्रुप म्हणजे तास गेला. नावं ओळखणारा घरातला एकजण फोटोग्राफरजवळ उभा करा, आमच्याकडे मामा होता, एकेकाला हाक मारून आणत होता. दोघांचे बाहेरचे फोटो हवे असतील तर सूर्यास्ताची वेळ बघून त्याच्या आधीचा तास मोकळा ठेवा, तो उजेड परत मिळत नाही.

वेळापत्रक एका पानात बसवा आणि त्यावर नवरानवरीचा नंबर टाकू नका, माझा होता म्हणून ताईला दिवसभर एकही फोन गेला नाही. हो, आणि ताईच्या जेवणाची २० मिनिटं त्यात लिहायची मी विसरले होते, आईने कपडे बदलायच्या आधी हाताने चार घास भरवले तेवढेच, ती वेळ तुम्ही आधी लिहा.