लोकल गाईड न आलेला तो दिवस, व्हर्साय

सकाळी साडेनऊला पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यासमोरच्या मोठ्या चौकात आमची कोच लागली आणि तेवढ्यात फोन आला, लोकल गाईडला ताप भरलाय, तो येत नाही आणि आजच्या आज दुसरा मिळणं कठीण आहे. माझा ग्रुप 34 जणांचा, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, कोल्हापूर सांगलीकडचे आणि काही तळकोकणातले, आत जायचा स्लॉट अकराचा. फ्रान्समध्ये राजवाडा म्हणा म्युझियम म्हणा, आत ग्रुपला माहिती द्यायची तर लायसन्सवालाच गाईड लागतो, माझ्यासारख्या टूर मॅनेजरला ते करता येत नाही. म्हणजे आत इंग्रजी ऑडिओ गाईड कानाला लावायचा, आणि निम्म्या लोकांना तो कळणार नाही हे मला दिसत होतं. लोकांनी आयुष्यभराच्या बचतीतून ही टूर केलेली असते, त्यांना नुसतं सोनेरी छत दाखवून बाहेर आणायचं हे मनाला पटेना. हातात दीड तास होता. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि माईक घेतला.

बारा वर्षं या लाईनमध्ये आहे, या वाड्यात कितीतरी वेळा वेगवेगळ्या गाईडच्या मागं उभं राहून ऐकलंय आणि ऑफ सीझनला वाचत असते, त्यामुळं काय सांगायचं ते डोक्यात होतं. मी इथल्या प्रसिद्ध आरसेमहालापासून सुरुवात नाही केली, एका पोरापासून केली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई 1643 ला गादीवर आला तेव्हा चार वर्षांचा होता. पुढं 1648 पासून पाच वर्षं सरदार आणि पॅरिसच्या न्यायसभा (म्हणजे तिथली वरची कोर्टं) दरबाराविरुद्ध उठल्या होत्या. 1651 च्या फेब्रुवारीत एका रात्री अफवा पसरली की राजाला शहराबाहेर पळवून नेतायत, तर लोक थेट पॅरिसमधल्या त्याच्या वाड्यात घुसले आणि राजा आहे का बघायला त्याच्या पलंगापाशी आले, आणि बारा वर्षांचा लुई डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडून होता. माझ्या मते व्हर्सायचा पाया त्या रात्री पडला. पॅरिसवरचा त्याचा विश्वास उडाला तो कायमचाच.

1661 ला मुख्य मंत्री मझारँ वारला आणि बावीस वर्षांच्या लुईनं सांगून टाकलं, आता मुख्य मंत्री नेमणार नाही, सगळं मी बघणार. सरदारांच्या गढ्या पाडायचं काम त्याच्या बापाच्या काळात रिशल्यू या मंत्र्यानं बरंच करून ठेवलं होतं, प्रांतांवर राजानं नेमलेले अधिकारी बसले होते. लुईनं वडिलांची एक साधी शिकारकोठी वाढवत नेली आणि 1682 मध्ये सगळा दरबारच इथं आणला. एका काकांनी लगेच विचारलं, म्हणजे आपल्या महाराजांच्या वेळेला? म्हणलं हो, 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा इथं बांधकाम चालूच होतं. मग वतनदारांचा विषय निघाला आणि लोकांना पटकन समजलं, आपापल्या गढीत बसून राजाला डोळे दाखवणारा माणूस इथं वाड्यातल्या एका खोलीसाठी ताटकळायचा. सकाळी राजा उठला की त्याला सदरा कुणी द्यायचा, रात्री झोपताना मेणबत्ती कुणी धरायची, यावर मोठमोठ्या घराण्यांची चढाओढ. जो दरबारात दिसायचा नाही त्याच्यासाठी कुणी काही मागितलं तर राजा म्हणायचा, त्याला मी कधी बघत नाही. झालं, संपला विषय.

मागच्या सीटवर एक रिटायर्ड तलाठी होते, तोवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, ताई, हे सगळं ठीक आहे, पण सारा कोण भरत होतं?

इतक्या वर्षांत इतक्या गाईडना ऐकलं, पण हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता, आणि खरं सगळं त्यातच आहे. सारा शेतकरी भरत होता. ताय नावाचा मुख्य कर सरदारांना माफ, चर्चला माफ, चर्च आपल्या मर्जीनं राजाला देणगी म्हणून काहीतरी द्यायचं. राजानं सरदारांची सत्ता काढून घेतली पण त्यांची करमाफी तशीच ठेवली. सौदाच होता तो, तुम्ही मान खाली घाला, आम्ही तुमच्या खिशाला हात लावत नाही. त्या सौद्यावर राज्य उभं राहिलं आणि त्याच सौद्यानं ते बुडालं असं मला मनापासून वाटतं, सोन्याच्या छतांनी नाही.

मग मी मिठाचं सांगितलं. गाबेल म्हणजे मिठावरचा कर. देशाच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागं वर्षाला ठराविक मीठ सरकारी कोठारातून सरकारी भावानं घ्यावंच लागायचं, नको असलं तरी. आणि ते फक्त रोजच्या जेवणात वापरायचं, मांस खारवायचं तर वेगळं विकत घ्या. शेजारच्या ब्रिटनी प्रांताला हा कर नव्हता, तिथं मीठ कितीतरी स्वस्त, म्हणून रात्रीतून पाठीवर मीठ वाहून आणणारी माणसं होती आणि सापडली तर त्यांना गलबतावर वल्ही मारायला धाडायचे.

पहिल्या सीटवर शिरोड्याच्या एक आजी बसल्या होत्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्या एकदम म्हणाल्या, "मिठार? हयपण मिठार?" आणि मग हळूहळू सांगायला लागल्या की 1930 ला शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला त्यात त्यांचे वडील होते, पोलिसांची काठी खांद्यावर बसली ती म्हातारपणापर्यंत पावसाळ्यात दुखायची. मी माईक त्यांच्याकडं दिला. अख्खी कोच गप्प होती, आमचा ड्रायव्हर पोर्तुगीज, त्याला एक शब्द कळत नव्हता तरी तोही आरशातून बघत होता.

अकराला आत गेलो. आत मी कुणालाच काही सांगितलं नाही, पण लोक बदललेले दिसत होते. आरसेमहालात 73 मीटर लांबीचा हॉल, 357 आरसे, सगळे फोटो काढत होते आणि तलाठी काका फरशीकडं बघत होते. कारण मी कोचमध्ये सांगितलं होतं की इथं आधी भरीव चांदीचं फर्निचर होतं, हॉल 1684 ला पुरा झाला आणि 1689 मध्येच लढाईच्या खर्चासाठी ती चांदी टाकसाळीत वितळवली. म्हणजे वैभवाच्या ऐन भरातही पैसा पुरत नव्हता. वाड्याच्या बरोबर मध्यावर, उगवतीकडं तोंड करून राजाची झोपायची खोली, पलंगापुढं सोनेरी कठडा. 1 सप्टेंबर 1715 ला पाय सडून लुई तिथंच गेला, 72 वर्षं गादीवर राहून. मागं राहिला पाच वर्षांचा पणतू, तोच पंधरावा लुई.

राणीच्या खोलीत आजी थांबल्या, हलेनात. पलंगाच्या डाव्या हाताला भिंतीच्या फुलाफुलांच्या रेशमातच एक छोटं दार आहे, नीट बघितलं तरच समजतं. त्यांनी माझा हात धरून नुसतं बोट दाखवलं, आणि मी मान हलवली, कोचमध्ये सांगितलेलं तेच हे दार. ऑक्टोबर 1789 मध्ये पॅरिसहून हजारो बायका पावासाठी चालत इथं आल्या, 6 तारखेच्या पहाटे जमाव आत घुसला, पहारेकरी मारले गेले, आणि सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत त्या दारातून राजाच्या दालनाकडं पळाली. त्याच दिवशी दुपारी राजाराणीला पॅरिसला नेलं. परत इथं राहायला कुणी आलं नाही.

परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये उरलेलं सांगितलं. सरदारांवर कर बसवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही, पंधराव्या लुईनं 1749 ला पाच टक्क्यांचा कर लावला, पण न्यायसभा आडव्या आल्या. त्यानं 1771 ला त्या मोडल्या तर सोळाव्या लुईनं 1774 ला गादीवर येताच परत बसवल्या, मला हा त्याचा सगळ्यात मोठा चुकीचा निर्णय वाटतो. मग अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या लढाईत मदत केली त्याचं कर्ज, 1788 पर्यंत उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास पैसा व्याजफेडीत. 1787 ला बड्या लोकांची सभा बोलावून सगळ्यांवर सारखा कर लावायचं ठरवलं तर तिथंही दाद मिळाली नाही. शेवटी 1614 नंतर कधी न भरलेली चर्च, सरदार आणि सामान्य लोक अशा तिन्ही वर्गांची सभा 5 मे 1789 ला व्हर्सायला भरवावी लागली, आणि त्यानंतर लगाम राजाच्या हातात राहिलाच नाही. मिठाचा कर 1790 च्या मार्चमध्ये गेला. आजींनी तेवढं मला पुन्हा सांगायला लावलं.

संध्याकाळी कोच पॅरिसमधल्या काँकॉर्दच्या चौकात शिरली. तिथं थांबता येत नाही, पण मी ड्रायव्हरला विनंती केली आणि त्यानं दोन फेऱ्या मारल्या. 21 जानेवारी 1793 ला इथं सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि हा चौक आधी त्याच्या आजोबाच्या नावाचा होता. मग पूल लागला. म्हणलं, या पुलाला बॅस्टिलचे, म्हणजे 1789 ला लोकांनी घेतलेल्या त्या तुरुंगाच्या किल्ल्याचे, पाडलेले दगड लावलेत. तलाठी काका खिडकीला कपाळ टेकवून खाली बघत होते, आणि आजींनी शेजारच्या बाईंना उठवलं, "बघ गो, दगड बघ."